नोकरी सोडून नर्सिंगला: फी, कर्ज आणि घरखर्चाचं गणित

घरात लहान मूल असताना नर्सिंगकडे वळू पाहणाऱ्या वाचकांच्या पत्रांतली चार पत्रं या वेळी घेतली आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या प्रवेशप्रक्रियेला धरून दिली आहेत.

प्रश्न: मी २९ वर्षांची आहे. बारावी सायन्सला पीसीबी (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र) घेऊन ५८ टक्के मिळाले होते. बीएस्सी दुसऱ्या वर्षात सोडलं आणि गेली साडेचार वर्षं एका शोरूममध्ये बिलिंगला आहे. पगार १९,०००, मिस्टरांचा ३२,०००. मुलगी तीन वर्षांची. महिन्याचा खर्च ४४,००० च्या आसपास, शिल्लक १,६०,०००. माहेरकडून ओबीसी. बीएस्सी नर्सिंग करायचं आहे. एका कॉलेजने ६०,००० भरून सीट धरून ठेवायला सांगितलं आहे. भरू का? आणि चार वर्षांची फी आणायची कुठून? — वाचक, सातारा

उत्तर: ते ६०,००० भरू नका. कारण एकच, पण ते तुमच्या चारही वर्षांच्या फीवर परिणाम करणारं आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांची १०० टक्के माफी मिळते. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. तुम्हा दोघांचं मिळून ६,१२,००० होतं, म्हणजे तुम्ही बसता. पण ही माफी केंद्रीभूत प्रवेशफेरीतून, म्हणजे कॅपमधून मिळालेल्या सीटलाच आहे. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्था स्तरावर थेट घेतलेल्या प्रवेशाला ती नाही. अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित खाजगी विद्यापीठंही तिच्यातून वगळली आहेत. आज सीट धरण्याच्या घाईत थेट प्रवेश घेतलात, तर पुढची चार वर्षं पूर्ण फी तुमच्या अंगावर येईल.

त्यामुळे आधी सीईटी, म्हणजे राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा. बीएस्सी नर्सिंगच्या परीक्षेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंग कल (अ‍ॅप्टिट्यूड) यांना समान वजन असतं. बारावीला अकरा-बारा वर्षं झाली असतील तर भौतिकशास्त्राची भीती वाटणं साहजिक आहे, पण त्याचा वाटा पाचातला एक आहे. इंग्रजी आणि कल या दोन भागांचे गुण रोज संध्याकाळी तासभर बसूनही पदरात पडतात, तिथून सुरुवात करा. पसंतीक्रम भरण्याआधी प्रत्येक कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहा आणि कॉलेजने सांगितलेला आकडा तिच्याशी ताडून घ्या. कोणतंही कॉलेज एका वेळी एका वर्षापेक्षा जास्त फी मागू शकत नाही.

आता कागदपत्रं. लग्नानंतर शिकायला निघालेल्या बायकांचं घोडं इथेच अडतं. तुमचा जातीचा दाखला माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या नावाचा आणि बारावीची मार्कशीट पुन्हा माहेरच्या नावाची असणार. विवाह नोंदणी प्रमाणपत्र हा या सगळ्यांना जोडणारा दुवा आहे. ते नसेल तर सगळ्यांत आधी ते काढा. नाव राजपत्रात बदललं असेल तर त्याची प्रतही लागेल. जात लग्नाने बदलत नाही. नॉन-क्रिमिलेअर (उन्नत गटात नसल्याचं) प्रमाणपत्रही आई-वडिलांच्या स्थितीवरूनच ठरतं, नवऱ्याच्या पगारावरून नाही, म्हणून त्याची कागदपत्रं वडिलांकडून मागवा. जात वैधता प्रमाणपत्र नसेल तर पडताळणी समितीकडे अर्ज आजच करा, कारण त्याला लागणारा वेळ तुमच्या हातात नसतो. वडील, भाऊ किंवा चुलत्यांपैकी कोणाची वैधता झालेली असेल तर तिची प्रत अर्जाला जोडा. मधल्या वर्षांसाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं.

उत्पन्नाच्या दाखल्याचं मात्र उलट आहे. तो तुमच्या सध्याच्या कुटुंबाचा असतो. माहेरच्या रेशनकार्डावर कमी उत्पन्नाचा दाखला काढून देतो म्हणणारे भेटतात. तसं करू नका. पडताळणीत ते उघड झालं तर मिळालेली माफी वसूल होते. तहसीलचा दाखला मागच्या आर्थिक वर्षाचं उत्पन्न धरतो, त्यामुळे नोकरी सोडल्यावरही पहिल्या वर्षी तुमचा पगार त्यात दिसेलच. तुम्हाला त्याने काही बाधा येत नाही.

माफी झाली तरी वसतिगृह, गणवेश, पुस्तकं, अनामत रक्कम, रुग्णालयात जाण्या-येण्याचं भाडं हे सगळं तुमच्याकडेच राहतं. महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर अर्ज दरवर्षी नव्याने करावा लागतो. आधार बँक खात्याला जोडलेलं नसेल तर पैसे मंजूर होऊनही खात्यात येत नाहीत. आणि कॉलेज पातळीवरच्या पडताळणीत अर्ज अडकलाय का, हे आपणच पोर्टलवर जाऊन पाहायचं असतं, कोणी फोन करून सांगत नाही.

तर फीची वाट अशी निघते. खरा पेच आहे तो घर चालवण्याचा. चार वर्षांत तुमचा बुडणारा पगार ९,१२,००० होतो. बहुतेक जणी फीसाठी धावतात आणि हा आकडा मांडतच नाहीत, मग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी शिक्षण अर्धवट सुटतं. बँकेचं शैक्षणिक कर्जही इथे कामाला येत नाही. त्यात फी, वसतिगृह, पुस्तकं, गणवेश, उपकरणं बसतात, किराणा आणि घरभाडं बसत नाही.

आमचा सल्ला, हे वर्ष नोकरी सोडू नका. सीईटीचा अभ्यास, दाखले आणि एक चाचणी, एवढं या वर्षात करा. चाचणी अशी: तुमचा पगार ज्या खात्यात येतो त्याला हात न लावता घर ३२,००० मध्ये चालवून बघायचं. जिथे कमी पडेल तिथे त्या खात्यातून काढायचं, पण काढलेली प्रत्येक रक्कम लिहून ठेवायची. समजा दरमहा ८,००० काढावे लागले. मग वर्षाला १,३२,००० साठतील आणि आजची शिल्लक धरून हाती २,९२,००० होतील. शिक्षण सुरू झाल्यावर दरमहा तेच ८,००० आणि वर पुस्तकं-प्रवासाचे अंदाजे ३,०००, असे ११,००० जातील. हे पैसे साधारण २६ महिने पुरतात, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या तिसऱ्या महिन्यात खातं रिकामं होईल. उरलेल्या काळासाठी २,३६,००० कमी पडतात. निकाल, परिचर्या परिषदेची (नर्सिंग कौन्सिलची) नोंदणी आणि पहिला पगार यांत आणखी दोन-तीन महिने जातात, तेही धरा. ही रक्कम कुठून येणार, हे प्रवेशाआधी घरात बसून ठरलेलं हवं: सासू-सासरे किती देतील, कोणता हप्ता कधी संपतोय, मिस्टर जास्तीचं काम घेऊ शकतात का. दागिने गहाण ठेवायचेच असतील तर ते शेवटच्या वर्षी. पहिल्याच वर्षी ठेवले तर चार वर्षांचं व्याज चढतं.

शिकताना नोकरी करू, असं गणित मात्र मांडू नका. आठवड्याला सुमारे चाळीस तास वर्ग आणि क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे रुग्णालयातलं प्रत्यक्ष काम, असतं, आणि घरी मुलगी आहे.

राजीनाम्याबद्दल एक नेमकी गोष्ट. तुमची साडेचार वर्षं झाली आहेत. ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षांची नोकरी लागते. पुढच्या वर्षी प्रवेश घेतलात तर ती आपोआप भरते. पीएफ पाच वर्षांच्या आत काढला आणि रक्कम ५०,००० च्या वर असली तर टीडीएस, म्हणजे आयकर आधीच, कापला जातो, तेही टळेल. कॅपमध्ये सीट मिळाल्यावर प्रवेश निश्चित करायला मोजकेच दिवस मिळतात, नोटीस पिरियड मात्र महिन्याचा असतो. तेव्हा मालकांना आधीच विश्वासात घ्या. आणि आरोग्य विमा कंपनीकडून असेल तर राजीनाम्याआधी घरचा फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या कुटुंबाची एकच पॉलिसी, घ्या. नव्या पॉलिसीत अपघात सोडून बाकी आजारांना पहिले ३० दिवस संरक्षण नसतं. मूल घरात असताना ती फट ठेवू नये.

प्रश्न: वय २७, पार्सल डिलिव्हरी करतो. बारावी आर्ट्स, ४६ टक्के. मुलगा अकरा महिन्यांचा. माझे १८,००० आणि पत्नीचे १२,०००, एवढं उत्पन्न. खुला प्रवर्ग. जीएनएमसाठी (नर्सिंगची तीन वर्षांची पदविका) एकूण ३ लाख लागतील. एक खाजगी रुग्णालय फी भरायला तयार आहे, पण तीन वर्षांचा बॉण्ड मागतंय. बँकेचं कर्ज घेऊ की बॉण्ड करू? — वाचक, सोलापूर

उत्तर: जीएनएम तुम्हाला करता येतं. त्याला बारावी कोणत्याही शाखेची चालते; इंग्रजी विषय आणि ४० टक्के हवेत. एएनएम हा दोन वर्षांचा नर्सिंग अभ्यासक्रम फक्त महिलांसाठी आहे. मुलींच्या फीमाफीची वरची योजना तुम्हाला लागू नाही.

आधी कर्जाचं बघू. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकांच्या संघटनेने ठरवलेल्या आदर्श योजनेत तारण लागत नाही आणि स्वतःचा हिस्साही भरावा लागत नाही. सहकर्जदार म्हणून पत्नी चालते, किंवा आई-वडील, सासू-सासरे. अर्ज विद्यालक्ष्मी या शैक्षणिक कर्जाच्या सरकारी पोर्टलवरून करा, म्हणजे तोंडी ‘नाही’ ऐकून परत यावं लागत नाही. नाकारलं तर त्याची नोंद राहते. परतफेड शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होते.

त्या काळात व्याज मात्र चालूच असतं, आणि तिकडे कोणी बघत नाही. समजा दरवर्षी १ लाख असे तीन हप्ते उचलले आणि व्याजदर १० टक्के आहे. पहिल्या लाखावर चार वर्षांचं ४०,०००, दुसऱ्यावर ३०,०००, तिसऱ्यावर २०,०००. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या दिवशी कर्ज ३,९०,००० झालेलं असतं. सात वर्षांत फेडायचं तर महिन्याला साधारण ६,४७५ पडतात. तेच व्याज शिकत असताना भरत गेलात तर पहिल्या वर्षी महिना ८३३, दुसऱ्या वर्षी १,६६७ आणि पुढे २,५०० द्यावे लागतात आणि नंतरचा हप्ता ४,९८० वर येतो. वेळच्या वेळी व्याज भरणाऱ्याला कित्येक बँका दरात एक टक्क्यापर्यंत सूट देतात. मंजुरीच्या पत्रात ती लिहून घ्या.

तुमच्यासाठी याहून महत्त्वाचं म्हणजे तुमचं कौटुंबिक उत्पन्न ३,६०,००० आहे. साडेचार लाखांच्या आतल्या कुटुंबांसाठी केंद्र सरकारची व्याज अनुदान योजना आहे. तिच्यात शिक्षणाचा काळ आणि त्यापुढचं एक वर्ष यांचं सगळं व्याज सरकार भरतं. ते ९०,००० तुम्हाला द्यावेच लागणार नाहीत. कॉलेज परिचर्या परिषदेचं मान्यताप्राप्त हवं आणि कर्ज विनातारण, आदर्श योजनेतलं हवं. उत्पन्नाचा दाखला कर्जाच्या अर्जासोबतच द्या आणि खात्यावर अनुदानाची नोंद झाली का, हे शाखेत जाऊन विचारा. नंतर दाखला घेऊन गेलं तर दावा करायची मुदत निघून गेलेली असते. शिक्षण मध्येच सोडलं तर अनुदान जातं.

आता बॉण्ड. रुग्णालय बॉण्डच्या काळात बाहेरच्यापेक्षा किती कमी पगार देणार, ते आधी काढा. समजा महिन्याला ६,००० कमी. तीन वर्षांत २,१६,००० झाले, म्हणजे ३ लाख फीच्या बदल्यात तुम्ही २,१६,००० मोजता. हिशेबात बॉण्ड स्वस्त पडतो, हे मान्य करायला हवं. पण बॉण्ड सुरू असताना सरकारी भरतीत निवड झाली तर? मुलाच्या आजारपणात सुट्टी लागली तर? म्हणून चार गोष्टी कागदावर असल्याशिवाय सही करू नका. फीची पावती तुमच्या नावाने कॉलेजकडून मिळेल. बॉण्डमधला पगार आकड्यात लिहिलेला असेल. सोडल्यास भरायची रक्कम दर महिन्याच्या सेवेने कमी होत जाईल. ३६ पैकी २४ महिने केले तर एक तृतीयांशच उरेल. आणि मूळ गुणपत्रिका, नोंदणी प्रमाणपत्र तुमच्याकडेच राहतील. मूळ कागद अडकवून ठेवण्याची अट असेल तर तो बॉण्ड नाकारा, बाकी अटी कितीही चांगल्या असोत. बॉण्डमध्ये मोठी दंडाची रक्कम लिहिली म्हणून ती सगळी वसूल होतेच असं नाही. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार न्यायालय वाजवी भरपाईच देऊ शकतं. पण कोर्टाची पायरी चढायची वेळ येऊ नये, म्हणूनच कागद आधी नीट करायचा.

तुमच्या उत्पन्नावर आम्ही व्याज अनुदानासह कर्ज हाच मार्ग आधी धरू. बॉण्ड दुसरा.

हजेरीबद्दल दोन शब्द, कारण त्याचेही पैसे होतात. परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींत ८० टक्के हजेरी लागते, आणि अंतिम प्रमाणपत्राआधी क्लिनिकलचे तास १०० टक्के पूर्ण करावे लागतात. मुलाला ताप आला म्हणून चुकलेली प्रत्येक ड्यूटी पुढे भरून काढावी लागते. सकाळची पोस्टिंग सातच्या आसपास सुरू होते आणि अंगणवाडी काही तासांचीच असते. मुलाला सकाळी साडेसहाला कोण घेणार आणि तो माणूस आजारी पडला तर दुसरं कोण, ही दोन नावं ठरलेली नसतील तर सहा महिन्यांचा उशीर धरूनच चाला. सहा महिने उशीर म्हणजे सहा पगार कमी.

प्रश्न: मी ३३ वर्षांची, बी.कॉम., बारावी कॉमर्स, अनुसूचित जाती. दोन मुलं. जीएनएम करावं म्हणते. पदवी झालेली असताना शिष्यवृत्ती मिळते का? बाहेर पडेपर्यंत सरकारी नोकरीचं वय निघून जाईल का? — वाचक, अमरावती

उत्तर: बारावीला पीसीबी नसल्याने बीएस्सी नर्सिंगचं दार बंद आहे, जीएनएमचं उघडं आहे. पण त्याला कमाल वय ३५ आहे, त्यामुळे तुमच्याकडे फार तर दोन प्रवेशवर्षं आहेत.

शिष्यवृत्तीबाबत सावध राहा. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांत एका पातळीचं शिक्षण पूर्ण केल्यावर त्याच पातळीचा दुसरा अभ्यासक्रम घेणाऱ्याला लाभ मिळत नाही, उदाहरणार्थ बी.ए.नंतर बी.कॉम. करणाऱ्याला. पदवीनंतर पदविका घेणाऱ्यालाही हाच मुद्दा काढून अडवलं जाऊ शकतं. म्हणून फी भरण्याआधी जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन लेखी उत्तर घ्या. अर्जात बी.कॉम.चं वर्ष, जीएनएम आणि कॉलेजचं नाव स्पष्ट लिहा. पदवी लपवून अर्ज करू नका. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची आहे, आणि विवाहित, बेरोजगार विद्यार्थिनीच्या बाबतीत नवऱ्याचं उत्पन्न धरतात. त्याहून जास्त उत्पन्न असेल तर शिष्यवृत्ती नाही, पण फ्रीशिप म्हणजे फीची प्रतिपूर्ती मागता येते. तिच्याबद्दलही त्याच अर्जात विचारून घ्या.

वयाचं म्हणाल तर राज्य सरकारच्या भरतीत खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षांपर्यंत अर्ज करता येतो. तुम्ही ३७ व्या वर्षी बाहेर पडलात तरी अधिपरिचारिकेच्या (स्टाफ नर्सच्या) भरतीसाठी सहा वर्षं हाती आहेत. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर परीक्षेची मर्यादा ३० आहे, सवलत धरून तुम्हाला ३५. तिच्या नावावर क्लासची फी कोणी मागितली तर देऊ नका. सरकारी नोकरी लागेलच हे धरून कर्ज घेऊ नका. हप्ता खाजगी रुग्णालयातल्या सुरुवातीच्या पगारातून निघतो का, ते बघा. त्यासाठी आसपासच्या दोन-तीन रुग्णालयांत नवीन जीएनएमला प्रत्यक्ष हातात किती मिळतात, ते विचारून या. तिथेच पाळणाघराचंही विचारा. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय कायद्याने बंधनकारक आहे. ही सोय कर्मचाऱ्यांसाठी आहे, विद्यार्थ्यांसाठी नाही.

प्रश्न: आमच्याकडे सहा महिन्यांचा ‘नर्सिंग डिप्लोमा’ ४५,००० मध्ये आहे, नोकरीसह. शनिवार-रविवार वर्ग. बाळ लहान असल्याने हेच सोयीचं वाटतं. करू का? — वाचक, जळगाव

उत्तर: नर्स व्हायचं असेल तर नाही. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं आणि बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं असतं, आणि तिन्ही पूर्ण वेळ चालतात. सहा महिन्यांच्या कोर्सवर महाराष्ट्र परिचर्या परिषद नोंदणी देत नाही, आणि नोंदणीशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही. अशा कोर्सनंतर मिळतं ते रुग्ण सहायकाचं किंवा घरी रुग्णसेवा करण्याचं काम. ते मानाचं काम आहे, पण त्याचा पगार आणि पुढची वाट वेगळी. पुढे जीएनएम करायचं ठरवलंत तर या सहा महिन्यांची एक दिवसाचीही सूट मिळत नाही.

कॉलेज खरं आहे की नाही, हे पाहायला त्यांना एकच प्रश्न विचारा: परीक्षा कोण घेतं? एएनएम आणि जीएनएमची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं, बीएस्सी नर्सिंगची नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. अभिमत विद्यापीठं बीएस्सी नर्सिंगची परीक्षा स्वतः घेतात; ती सोडून तिसरंच नाव ऐकू आलं तर खात्री केल्याशिवाय पैसे देऊ नका. दिले असतील तर पावती, जाहिरातीचं पत्रक आणि संदेश जपून ठेवा आणि परतावा आधी लेखी मागा. नाही दिला तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही.